नव्या कॉम्प्रेसरची किल्ली

११ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईची सर्दी गेली, बाबांचा गुडघा मात्र त्यांच्यासारखाच हट्टी आहे. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण तू "मजेत" एवढंच लिहिणार. दोन वर्षांत तुझी चार पत्रं आली आणि चारही आईच्या नावाने. त्यात मी कुठे बसते ते कळतं मला. म्हणून हे पत्र मी लिहितेय, आणि चांगलं लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊन बस.

मोठी बातमी आधी. आपला हवा मारायचा जुना कॉम्प्रेसर गेला. मोटर जळाली, तीही ऐन हंगामात, आवारात दोन लोडर, एक रोलर आणि एक कापणीयंत्र धुळीने माखून उभं असताना. बाबा म्हणाले, "मोटर दुरुस्त करून घेऊ." मी म्हटलं, "बाबा, गेला तो गेला. आता त्याला सुखाने जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत. वर्कशॉप आता मी चालवते हे त्यांना मान्य आहे, फक्त तोंडाने म्हणायचं नाही.

मग निघाले खरेदीला. रिकाम्या हाताने नाही! रोलरचा रेडिएटर काढला, पोत्यात घातला आणि दुकानाच्या चकचकीत फरशीवर नेऊन आपटला. धूळ, भुसा, तेल, सगळं जाळीत गच्च बसलेलं. विक्रेत्याचा चेहरा बघायला तू हवा होतास. बिचारा टाय सावरत सांगत होता, "मॅडम, याचं प्रेशर बघा. आणि याचं तर बघाच." मी म्हटलं, "अहो, प्रेशर सायकलच्या पंपालाही येतं. हा तीन मिनिटं सलग किती हवा देतो, ते दाखवा." नळी उघडी सोडायची आणि दाबाच्या काट्याकडे बघत उभं राहायचं, ही तुझीच शिकवण.

पहिला चाकांवर फिरणारा, दिसायला अगदी नवरदेव. पाऊण मिनिटात काटा आडवा. दुसरा डिझेलवरचा. हवा भरपूर, पण आवाज असा की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली. जिथे वीज नाही तिथे ठीक आहे तो, आपल्या आवारात वीज असताना कानांना शिक्षा कशाला? तिसरा पट्ट्यावर चालणारा, तीनशे लिटरची आडवी टाकी, बसलेल्या म्हशीसारखा. तीन मिनिटं झाली, चार झाली, काटा जागचा हलेना. हवेतलं पाणी गाळायची बाटलीही सोबत येते, म्हणजे धुळीचा चिखल होणार नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, म्हैसच घरी न्यायची.

मग तिथेच गॉगल चढवला आणि तिच्या हवेने रेडिएटर पंख्याच्या बाजूने बाहेर फुंकला. एका दमात, टाकी भरायची वाट न बघता, आणि काटा तीस पौंडांच्या वर न नेता. जाळीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला तेव्हा मी गन खाली ठेवली आणि जाळीला डोळा लावून आरपार बघत राहिले. विक्रेत्याला वाटलं, मॅडम खूश झाल्या.

दादा, आता जे लिहायचं ते लिहिते. दोन वर्षं मी याच्याभोवती घिरट्या घालतेय, आणि या पत्रातही दीड पान घातल्याच.

जुन्याची टाकी एवढीशी. मिनिटभर हवा, मग पाच मिनिटं वाट. तू म्हणायचास, "ठमे, धीर धर, टाकी भरू दे." मला कुठला धीर! तुझी पाठ वळली की मी नॉब फिरवून दाब तीसवरून नव्वदवर न्यायचे, मिनिटात काम उरकायचे आणि नॉब परत खाली आणून ठेवायचे. स्वतःला फार शहाणी समजायचे. त्या दिवशी फोन वाजला, मी आत पळाले आणि नॉब खाली आणायचा राहिला. तू येऊन हवेची गन उचललीस. जाळीतला खडा उडाला तो तुझ्या डाव्या डोळ्यात.

बाबा सगळ्यांसमोर ओरडले, "गॉगल काय खिळ्यावर टांगायला आणलाय? आता भोग स्वतःच्या निष्काळजीपणाची फळं!" मी तिथेच उभी होते. गप्प उभी होते. गॉगल तू घातला नव्हतास हे खरं, पण तीसवर आपण कोणीच घालत नव्हतो, बाबासुद्धा नाही. तू दवाखान्यातून परस्पर मावशीकडे गेलास आणि तिथून नोकरीला. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो, हे मला आईला आलेल्या पत्रातून वाचावं लागलं.

आणखी एक आहे. तुला गाडीत घालून नेल्यावर मी धावत काटा बघायला गेले. काटा तीसवर होता. मी तर नॉबला हात लावला नव्हता. दुसरं कोणी तिथे आलं नव्हतं. नॉबवर रक्त होतं, दादा. एका हाताने डोळा दाबून धरलास आणि दुसऱ्या हाताने नॉब उतरवलास, बाबा यायच्या आत. माझ्यासाठी. आणि मी काय केलं? फडकं आणून ते रक्त पुसलं.

"माफ कर" एवढ्याने भागणार नाही, तरी लिहिते. माफ कर.

काल दुपारी जेवताना बाबांना सगळं सांगितलं, रक्तासकट. त्यांचा घास हातातच राहिला. "दोन वर्षं?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "हो." ताट तसंच ठेवून ते आवारात गेले आणि जुन्या कॉम्प्रेसरपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. परत आले ते म्हणाले, "तू पत्र लिही. पाकिटावर पत्ता मी घालतो." त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच.

म्हैस गुरुवारी येतेय. तिच्या नॉबवर बसवायला मी पत्र्याची पेटी स्वतः वेल्ड करून ठेवलीय. काटा तीसवर आणायचा आणि पेटीला कुलूप. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक मी हातोडीने ठेचली. दुसरी या पाकिटात आहे.

आता ऐक. लोडरच्या बकेटखालचा वाळलेला चिखल तीसवर निघत नाही, हे तुला मी सांगायला नको. तिथे दाब वाढवावाच लागणार, म्हणजे किल्ली लागणार. नसेल यायचं तर पोस्टाने परत पाठव, मी समजून जाईन. पण तू येशील. मी ओळखते तुला. गॉगल तीन आणलेत, आणि खिळा मी भिंतीतून उपटून टाकलाय.

तुझीच,
तो नॉब फिरवणारी
ठमी