कमानीवरची वायर

॥ श्री ॥

पालघर,
१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंदा हिस वैष्णवीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

रामनाथकाका एकदा म्हणाले होते, “पोरी, या पाइपाला हात लावला की मुंग्या येतात गं, म्हातारा झालो वाटतं.” मी तेव्हा नऊ वर्षांची. चिकूच्या वाडीत पंपाजवळ काका पाय धूत होते आणि मी हसून त्यांना दूध प्यायला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी ते त्याच पंपापाशी सापडले. भावेश दोन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नाही. तू तर आमच्या घरात फार नंतर आलीस. बाबांनी सख्ख्या भावाचं नाव त्यानंतर कधी काढलं नाही, म्हणून आम्हीही काढलं नाही.

हे आज लिहिण्याचं कारण तुझ्या परवाच्या पत्रातली शेवटची ओळ. बाबांच्या डाव्या हाताला सकाळी मुंग्या येतात, डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात, काळजी नसावी. मंदा, मला काळजी आहे. बाबा सकाळी कुठे बसतात? नव्या पडवीतच ना? डावा हात कशावर ठेवतात? आणि खांबावरून आपल्या घरात येणारी विजेची वायर आधी छपराच्या टोकाला होती, ती आता कुठून जाते? एवढं नीट बघून लिही.

फोन केला असता, पण बाबांना ऐकू येत नाही म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि भावेश समोर असला की तू “सगळं छान” याच्या पुढे जात नाहीस. स्वतः आले असते, तर हा पाय प्लास्टरमध्ये. अजून तीन आठवडे पलंग आणि खिडकी. शाळेतल्या मुली घरी येऊन निबंध तपासून नेतात, तेवढीच करमणूक.

पत्र मंजुळा कोळणीच्या हाती देते. बोंबलांचा वास आला तर नाक मुरडू नकोस, पोस्टापेक्षा तिची टोपली लवकर पोचते. बाबांना नमस्कार. लोभ आहे, तो उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझी,
वैष्णवीताई

—

॥ श्री ॥

तारापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. वैष्णवीताईंस मंदाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वास आला, पण बोंबलांचा नव्हे, मांदेलीचा. मंजुळाने आत येऊन चहा घेतला आणि पडवीखाली उभी राहून वर बघत म्हणाली की बंदरावर होडी उलटी घालून ठेवतात तसं दिसतंय, खाली बसायचं की समुद्रात जायचं? बाबा इतके हसले की ठसका लागला.

ताई, तुम्ही पडवी अजून पाहिली नाही, म्हणून घाबरता. मे महिन्यात ठेकेदार बदलला तेव्हा यांना कंपनीत ब्रेक मिळाला, म्हणजे कामच सुटलं. घरी बसवेना. अंगणात खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली आणि चुन्याने जमिनीवर हा मोठा अर्धगोल काढला. एकेक पाइप त्या रेघेवर ठेवून वाकवायचा, परत रेघेवर ठेवून बघायचा. नऊ कमानी केल्या, सगळ्या एकसारख्या. वर निळा पत्रा. बाबांना आतल्या खोलीत कोंडल्यासारखं होत होतं, आता सकाळी सहापासून रस्त्यावरच्या प्रत्येकाची हजेरी घेतात. कुणी न बोलता गेलं तर म्हणतात, तोंडात काय मासा धरलाय काय?

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. बाबा पहिल्या कमानीच्या लोखंडी खांबाला टेकून बसतात, डावा हात खांबावर. ओट्यावर चपला चालत नाहीत, हा सासूबाईंच्या वेळचा नियम बाबा एकटेच पाळतात. आम्ही सगळे रबरी चपला घालून वावरतो. वायर आता पहिल्या कमानीवरून जाते. ती हलवायला वीज कार्यालयात अर्ज करा, मग वाट बघा, म्हणून यांनी बागेला पाणी घालायच्या रबरी पाइपाचा तुकडा चिरून वायरीवर चढवला आणि कमानीला पट्टीने बांधून टाकला. तुमचं पत्र वाचून मी काल दुपारी टेस्टर लावून बघितला. पेटला नाही. तेव्हा निर्धास्त असा.

एक विनंती. यांना काही लिहू नका. पडवी बघून तीन जणांनी अशीच बांधून द्याल का म्हणून विचारलंय. गोमाकाका तर येत्या १९ तारखेला, नारळी पौर्णिमेला, नीट बघायला येणार आणि तिथेच कामाची सुपारी देणार. कित्येक महिन्यांनी हे शीळ घालत आंघोळीला जातात.

पायाची काळजी घ्या. माया आहे तशीच असू द्या.

आपली,
मंदा

—

॥ श्री ॥

पालघर,
६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. मंदा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचताना नऊ कमानी डोळ्यांसमोर आल्या आणि भावेशचा अभिमान वाटला. मग बागेच्या पाइपापर्यंत आले आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

आमच्या शाळेचं विजेचं काम दर्पण बघतो. त्याला बोलावून तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्याने हसून विचारलं की बाई, टेस्टर कधी लावला, दुपारी ऊन असताना? चपला घालून? मी हो म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, समुद्रावरचा वारा सुटला की वायर पत्र्यावर घासत राहते, आणि पाइपाचा तुकडा चिरलेला असेल तर त्यात खारं पाणी साठतं. दुपारी सगळं सुकतं, तेव्हा काही कळत नाही. सकाळी ओलं असतं. त्यातून अनवाणी माणूस.

आणखी एक सांगितलं. ती वायर मीटरच्या आधीची आहे. घरातला मेन स्विच बंद केला तरी ती जिवंतच राहते. रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून बंद करायची ती फक्त लाइनमनने.

मंदा, बाबांना पडवीच्या त्या खांबापासून उठव. काय वाटेल ते कारण सांग. ओल्या कपड्यांची दोरी खांबाला बांधत असशील तर आजच सोड. आणि तू स्वतः हात लावून बघायचा नाहीस, तुला माझी शपथ.

दोन दिवस मी मनाला विचारते आहे की ही भीती खरी किती आणि माझ्या मनातली किती. पडवीसाठी आईची बकुळ तोडली तेव्हा मी फोनवर रडले होते आणि भावेशला टोचून बोलले होते. त्या पडवीत काही खोट निघावी असं मला आतून वाटत तर नाही ना? तसं असेल तर देवाने माझी भीती खोटी ठरवावी, मी बकुळीचं नाव पुन्हा काढणार नाही. पण रात्री पाय ठणकून जाग येते तेव्हा मला बकुळ दिसत नाही. काकांचे ओले पाय दिसतात.

बाबांना जप आणि स्वतःला त्याहून थोडं अधिक.

तुझी,
वैष्णवीताई

—

॥ श्री ॥

तारापूर,
९ ऑगस्ट २०२४

ती. ताईस भावेशचा सा. न.

तुझं पत्र मंजुळाने माझ्याच हातात दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तूच शिकवलंस, तरी वाचलं.

एकवीस वर्षं बोईसरला लोखंडात काढली. लोकांच्या कंपनीत चाळीस फुटांवर उभं राहून वेल्डिंग केलं, एक टाका कधी उघडला नाही. आता शाळेतले दिवे बदलणारा दर्पण मला पालघरहून सांगणार की माझ्या पडवीत करंट हाय. मी रोज त्याच खांबाला टेकून बूट घालतो. मला नाय लागत, मंदाला नाय लागत, बाबांनाच बरा लागतो. त्यांचं वय एक्क्याऐंशी आहे, ताई. मुंग्या येणारच.

तुला राग बकुळीचा आहे, तसं सरळ लिही. बकुळ आतून पोखरली होती. ती बाबांच्या अंगावर पडली असती तर तेव्हाही माझंच चुकलं असतं.

गोमाकाका यायच्या आधी गावात असलं काही बोलू नकोस, एवढे उपकार कर. पाय लवकर बरा होवो. लाडूंचा डबा सोबत पाठवला आहे, मंदाने केलेत, करंट नाही.

तुझा,
भावेश

—

॥ श्री ॥

तारापूर,
१२ ऑगस्ट २०२४

ती. वैष्णवीताईंस मंदाचा सा. न. वि. वि.

ताई, मी तुमची शपथ मोडली. आधी रागवून घ्या, मग पुढे वाचा.

यांनी पत्र वाचल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. बाबा तर मुद्दाम खांबाला मिठी मारल्यासारखे बसायचे. म्हणायचे, पोरान माज्यासाटी बांदला नि तुमी मला उठवता, मला काय झालेला नाय. मी त्यांच्या खाली लाकडी पाट सरकवला, पायाखाली रबरी पायपुसणं टाकलं, ते त्यांनी पायाने ढकलून दिलं. मग मला वाटलं, एकदाच काय ते कळू दे.

काल पहाटेपासून पश्चिमेचा वारा होता. ओटा ओला, पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. बाबा तोंड धूत होते, हे बाजारात गेले होते. मी चपला काढल्या. शाळेत कधीतरी ऐकलं होतं की तळहात लावायचा नाही, करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. म्हणून खांबाला हाताची मागची बाजू लावली. ताई, कुणीतरी माझा हात धरून भिंतीवर फेकला. कोपर सोललं, दोन बांगड्या फुटल्या. खांद्यापर्यंतचा हात बराच वेळ माझा नव्हताच. ओट्यावर बसून मी बाबांकडे बघत राहिले. ते टॉवेलने तोंड पुसत नेहमीच्या जागेकडेच येत होते. मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांवर ओरडले. ते तिथेच थांबले आणि माझ्या फुटलेल्या बांगड्या बघून म्हणाले, रामनाथ. एवढंच. मग मागच्या दाराने बाहेर गेले आणि जांभळीखाली बसले. तेव्हापासून पडवीत पाऊल ठेवलं नाही.

पुढचं दार मी कुलूप लावून बंद केलंय. शेजारी विचारतात, त्यांना सांगते की ओट्याला नवीन सिमेंट केलंय.

यांना सांगितलं. आधी विश्वास बसेना, मग माझं कोपर बघितलं. दुपारभर अंगणात त्या कमानींकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता लाइनमनला बोलावतील. पण म्हणाले की विजेची गाडी दारात आली की आख्ख्या आळीला कळेल, आणि ज्याच्या स्वतःच्या घराला करंट येतो त्याच्याकडून पडवी कोण बांधून घेईल? रविवारी, १८ तारखेला, स्वतः शिडी लावून वर चढणार, वायर सोडवून पत्र्यापासून उंच बांधणार. कंपनीतले हातमोजे आहेत म्हणे. ताई, ते मोजे मी धुते. वेल्डिंगचे आहेत, चामड्याचे, अंगठ्याशी फाटलेले.

मी पाया पडले. ऐकत नाहीत. आता तुम्हीच काय ते करा.

तुमची,
मंदा

—

॥ श्री ॥

पालघर,
१६ ऑगस्ट २०२४

चि. भावेश यास वैष्णवीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा मंदाचं पत्र आलं आणि त्याच तासाला मी तुमच्या वीज कार्यालयात फोन केला. तुला न विचारता केला. काल सुट्टी असूनही त्यांनी माणूस पाठवला आणि तू त्याला फाटकातूनच परत पाठवलंस. सांगितलंस की तक्रार खोटी आहे, पालघरची बहीण वयामुळे जरा घाबरट झालीय. तो भला माणूस, त्याने मला फोन करून हे कळवलं, आणि घरचेच नाही म्हणत असतील तर आपण जबरदस्तीने आत शिरू शकत नाही असंही म्हणाला. तू माझे फोन घेत नाहीस. यांना उद्या तिकडे पाठवू म्हटलं, तर मंदाचा निरोप आला की भावोजी आले तर तू शनिवारीच वर चढशील. म्हणून पुन्हा मंजुळाची टोपली.

मी घाबरट आहे, हे खरं. तू पाच वर्षांचा असताना विहिरीच्या काठावर चढायचास आणि मी खालून रडायचे. तू मुद्दाम आणखी एक फेरी मारायचास. आता मी रडले तर तेच करशील, म्हणून रडत नाही. साधं लिहिते.

तुझ्या नऊ कमानींत काही खोट नाही. मंदाने लिहिलेलं वाचून मी कागदावर तशी कमान काढायचा प्रयत्न केला, मला एकही नीट जमली नाही. चुकलं ते एका वायरीपुरतं, आणि ते घाईने चुकलं, बाबांना पावसाआधी बाहेर बसता यावं म्हणून. हे मला कळतं. बकुळीवरून मी जे बोलले ते मागे घेते. तू म्हणतोस तशी ती पोखरलीच असेल.

पण वर चढल्यावर तू पत्र्यावर असशील, ओल्या पत्र्यावर, आणि ती वायर कुठे सोललीय हे तुला खालून दिसलेलं नाही. मंदाला एका बोटाएवढ्या स्पर्शाने फेकलं. तिथे फेकायला भिंत होती. तुझ्यामागे बारा फूट मोकळी हवा असेल. आणि मूठ आवळली तर फेकलं जाण्याइतकीही सुटका नाही. खाली बाबा उभे असतील. त्यांनी एका भावाला तसं उचललंय, भावेश. तुला उचलायला त्यांच्या हातात आता ताकद नाही.

गोमाकाकांनी सुपारी दिली नाही तर दुसरं कुणी देईल. मला हे लिहिणं सोपं आहे, मला पगार आहे, हे तू म्हणशील आणि ते खरंच असेल. तरी लिहिते.

लाइनमनचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे. उद्या सकाळी तू स्वतः त्याला फोन कर. मी केला तर तू त्याला पुन्हा परत पाठवशील, म्हणून तूच कर. सगळ्या आळीला सांग की ताईला वेड लागलंय, तिच्या समाधानासाठी बोलावलंय. गोमाकाकांसमोर माझी हवी तेवढी थट्टा कर, मी कधीही खरं सांगणार नाही. फक्त त्याला आत येऊ दे, आणि तो खांबावरून वीज तोडेपर्यंत शिडी भिंतीला लावू नकोस.

तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. तरी एवढं कर.

तुझी,
ताई