काटा खाली आला तरी

प्रिय मिरे,

ओळी तिरक्या गेल्यात म्हणून दचकू नकोस. लिहिणारा हात चांगला आहे, कागद धरणारा हात नीट नाही. कागद सरकतो, म्हणून त्याच्यावर आईची इस्त्री ठेवली आहे. थंडच आहे, काळजी करू नकोस. एवढं वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. तुला आम्ही उगाच मिरी म्हणत नाही. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. तर आता जे सांगणार आहे ते वाचून हवं तेवढं तिखट हो, मी खाली मान घालून ऐकेन. मला झटका आला होता. मेंदूचा. छोटा होता, असं डॉक्टर म्हणतात. मागच्या वेळी तू येऊन गेलीस, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. आम्ही तुला कळू दिलं नाही. आम्ही म्हणजे मी. आईला मी शपथ घातली होती, तेव्हा तिला बोल लावू नकोस. पोरगी दोन जिवांची आहे, तिच्या जिवाला घोर नको, असं मी तिला सांगितलं. कारण इतकं चांगलं होतं की काही दिवसांनी मलाही ते खरं वाटायला लागलं. पण खरं कारण तेवढं मोठं नव्हतं. मला लाज वाटत होती, बस्स.

लाज कशाची, ते तुला कळेल, कारण तू माझ्या बढाया ऐकतच मोठी झालीस. शाळेत बाईंनी विचारलं, बाबा काय करतात, तर तू ताठ मानेने सांगितलं होतंस की माझे बाबा प्रेशर सांभाळतात. बाईंना वाटलं पोर काहीतरी बरळतंय. पण खरंच होतं ते. आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, डोंगरच्या डोंगर, आणि त्या धुवायला, वाळवायला, इस्त्री करायला लागते ती सगळी वाफ माझ्या बॉयलरमधून जाते. इतकी वर्षं मी त्या काट्यासमोर उभा होतो. लाल रेघेला काटा मी कधी शिवू दिला नाही. रोज जेवताना तुम्हा दोघींना तेच कीर्तन. आग कधी वाढवायची, कधी कमी करायची, काटा रेघेच्या खाली असेल तर व्हॉल्व्हला उगाच हात लावायचा नाही, नाहीतर वाफ जाते आणि इस्त्रीवाले बोंब मारतात. तुझी आई म्हणायची, मला आता परीक्षेला बसवा, पास होईन. आणि स्वतःचं प्रेशर? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दरवर्षी तपासणीवाले कामावर यायचे, दंडाला पट्टा बांधायचे आणि म्हणायचे, काका, जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणायचो, तुम्ही बॉयलरशेजारी उभे राहा, तुमचंही वाढेल. ते हसायचे, मी हसायचो, विषय संपायचा.

त्या दिवशी सकाळी पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला गेलो आणि डाव्या हाताची बोटं चाकावर मिटेनात. हात होता जागेवर, पण दुसऱ्या कुणाचा तरी. तेवढ्यात सुपरवायझर आला. तो तुझ्याच वयाचा, चांगला पोरगा आहे. त्याने काहीतरी विचारलं. पाणी सोडलंय, एवढंच सांगायचं होतं मला, पण तोंडातून निघाला नुसता चिखल. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, जवळ आला, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि हळूच म्हणाला, काका, तुम्ही? तुम्हीसुद्धा? मिरे, मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्या क्षणी माझं डोकं भलतंच चाललं. मला कळलं होतं की हे काहीतरी आजारपण आहे. आणि हेही कळलं की दारू प्यायलेल्याला एक दिवस घरी बसवतात, आजारी माणसाला बॉयलरवरून कायमचं उतरवतात. मी मान हलवली. हो, प्यायलोय, अशी. त्याने मला मागच्या दाराने बाहेर काढलं, कुणी बघू नये म्हणून. केवढा मोठेपणा त्याचा. मी घरी आलो, आईला म्हणालो, डोकं दुखतंय, आणि झोपलो. संध्याकाळी चहा पिताना तो ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला, मला कळलंसुद्धा नाही. आईला कळलं. तिने कप काढून घेतला, चपला घातल्या आणि मला उभं केलं. दवाखान्यात म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण सकाळीच यायला हवं होतं. सकाळी काय झालं, हे मी तिथेही सांगितलं नाही.

तिथून घरी आलो ते गोळ्यांची पिशवी आणि प्रेशरचं मशीन घेऊन. कामावर तापाचं कारण सांगून काही दिवसांनी पुन्हा बॉयलरवर उभाही राहिलो. घरात मीठ आईने असं लपवलं की तिचं तिलाच सापडेना. खारे शेंगदाणे बंद. रोज फिरायला जायचं, शांत बसून पट्टा बांधायचा, आकडा बघायचा. एवढं करून महिन्याने तपासायला गेलो तर प्रेशर तसंच वर. आमच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. पुन्हा गेलो, पुन्हा वर. आणखी एक गोळी. त्या म्हणाल्या, तुमचं प्रेशर भारी हट्टी आहे हो. आई म्हणाली, माणूस कुठे कमी आहे. दोघी हसल्या. मी पण हसलो, पण मला प्रेशरचं गुपित माहीत होतं. मी गोळ्या रोज घेतच नव्हतो. हसू नकोस, मी त्या माझ्या पद्धतीने घेत होतो. सकाळी मशीन लावायचं. काटा वर असेल तर गोळी, खाली असेल तर गोळीला सुट्टी. फार वर असेल तर दोन. बॉयलर तसाच तर चालवतात. डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, त्यांना प्रेशरमधलं मी काय शिकवणार, पण मनातल्या मनात मी त्यांना शिकवत होतो. पुढचा झटका छोटा नसेल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तरीही.

मग त्यांनी मला मोठ्या तपासण्यांना पाठवलं. एवढ्या गोळ्यांना दाद देत नाही म्हणजे आत कुठेतरी बिघाड असणार, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी बघू, हे बघू, ते बघू. मी निमूटपणे त्या थंड टेबलांवर झोपत राहिलो. बाहेर खरेखुरे आजारी लोक रांगेत बसले होते आणि मी त्यांची जागा अडवून, नसलेला बिघाड शोधायला लावत होतो. सगळं चांगलं निघालं. आई आनंदाने रडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मशीनने फार वरचा आकडा दाखवला, मी घाबरून सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडलो. आईने दार ढकलून मला बाहेर ओढलं, कसं ओढलं तिलाच ठाऊक. माझ्या अंगावर धड कपडे नव्हते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तिच्यासमोर कधी इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सहज विचारलं, संध्याकाळची गोळी कुठल्या रंगाची आहे हो? मी छताकडे बघायला लागलो. पांढरी म्हणालो. ती गुलाबी होती. चोराच्या मनात चांदणं. पुढचं सगळं मीच भडाभडा बोलून गेलो, बॉयलर, काटा, सुट्टी, सगळं. मला वाटलं, बाई आता फाईल तोंडावर फेकणार. त्या काही बोलायच्या आत तुझी आई बोलली. इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं सगळं तिने माझ्यासमोर वाढलं. म्हणाली, अहो, तो तुमचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना बॉयलरवर, काटा खाली आला की तो काढून तुम्ही घरी आणता का हो? ती म्हणाली, नाही ना आणत? मग गोळी म्हणजे तो व्हॉल्व्ह आहे, ती आग नव्हे, एवढं मला कळतं आणि तुम्हाला कळत नाही? डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, काकू, हे मी आता सगळ्यांना सांगणार. काटा खाली आहे तो गोळीमुळेच आहे, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं पुन्हा समजावलं. मी परीक्षेत नापास, आई पास.

त्यानंतर एक काम उरलं होतं. सुपरवायझरसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो. तो म्हणाला, काका, प्यायला असतात तर बरं झालं असतं हो. झटक्यानंतर मी पुन्हा बॉयलरपाशी उभा राहिलो होतो, हे त्याच्या डोक्यात आलं असणार. माझी बोटं वेळेवर मिटली नसती तर इस्त्रीखात्यातल्या बायका भाजल्या असत्या. त्याने ते बोलून दाखवलं नाही, मी मात्र रोज स्वतःला बोलून दाखवतो. आता मी चादरींच्या घड्या घालतो, त्याच बायकांबरोबर. दोघांनी चार टोकं धरायची आणि जवळ यायचं, एवढंच काम, पण माझ्या डाव्या हाताला टोक सापडत नाही. चादर जमिनीला लागते, पुन्हा धुवायला जाते. पहिले काही दिवस मला वाटायचं, कुणी बघू नये. त्या आपल्या म्हणतात, साहेब, वाफ कमी पडतेय, आणि हसत टोक माझ्या मुठीत कोंबतात. गोळ्या आता रोज घेतो, आकडा काहीही असो. प्रेशर उतरलंय, पण पूर्ण नाही. चार पायऱ्या खाली, एक वर. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्या वर्षांचं चढलेलं एका महिन्यात कसं उतरेल.

आता हे सगळं आजच का लिहितोय, ते ऐक. दुपारी तुझा फोन आला, तेव्हा मी आईच्या शेजारीच बसलो होतो आणि सगळं ऐकत होतो. तू सांगत होतीस, तपासणीत प्रेशर जास्त निघालं, घरात कुणाला आहे का असं डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हटलं छे, आमचे बाबा तर प्रेशर सांभाळतात, हे सांगून तू हसलीस. मग म्हणालीस, गोळ्या दिल्या होत्या, दोनतीन दिवस घेतल्या, शेजारच्यांच्या मशीनवर बघितलं तर बरोबर आलं, म्हणून बंद केल्या; काटा खाली असेल तर हात लावू नये, बाबांनीच शिकवलंय. आई म्हणाली, अगं घे बाई, तर तू म्हणालीस, तू घाबरट आहेस, बाबांना दे. तिने फोन माझ्या हातात कोंबला. गोळी बंद करू नकोस, एवढंच म्हणायचं होतं मला. पण मी घाबरलो की जीभ अजून अडखळते. नुसता चिखल निघाला. तू म्हणालीस, बाबा, आधी घास गिळा, मग बोला. आणि मिरे, मी हो म्हणालो. जेवतोय म्हणालो, आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बॅग भरतेय, सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतेय, आणि हे पत्र तिच्याच हातात देतोय. घाबरट आई आणि जाणकार बाबा, हे आपल्या घरात मीच पसरवलं, म्हणून हे मीच सांगायला हवं. आजच तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि सांग की घरात प्रेशर आहे. आजीला, बाबांच्या आईला, होतं, ती म्हातारपणाने नाही, त्यानेच गेली. बाबांना आहे, त्यांना झटका आला, आणि आकडा बरा दिसला की ते गोळी घेत नव्हते. असंच सांग, मला पाठीशी घालू नकोस. आणि त्याच्याही आधी, हे पत्र खाली ठेव, आई समोरच आहे, तिच्याकडून पाणी घे आणि गोळी घे. मग मला फोन कर. मी अडखळत बोलेन, तरी पूर्ण बोलेन.

तुझाच,
बाबा