नाथाची झुलपं

१० जानेवारी १९७३, मुंबई
माझ्या गाण्याची रेकॉर्ड देशभर वाजतेय! दिवाळीपर्यंत मला तिसगावच्या बाजारात कुणी विचारत नव्हतं. आता दिल्लीची पोरं माझ्यासारखी झुलपं वाढवतायत. तिथले न्हावी चिडलेत म्हणे.
गावचा सहादेव ट्रक घेऊन आला होता. आईचा निरोप: गाणं रेडिओवर ऐकलं, आता नवस फेडायला ये. लहानपणी तापात माझा आवाज गेला, तेव्हा ती मढीच्या कानिफनाथाला बोलली होती, की आवाज येऊ दे, पोराचं नाव होऊ दे, तो तुझ्या दारी डोकं भादरील. डोकं माझं, नवस तिचा.
तरी जाणार. शब्द म्हणजे शब्द. पुढच्या रविवारी नक्की.

२१ जानेवारी, रविवार
नाही गेलो. सेक्रेटरी फर्नांडिसना सहज विचारलं, मला टक्कल कसं दिसेल. ते हसले नाहीत. म्हणाले, लोक गाणं ऐकायला येतात असं तुला कोणी सांगितलं?
फर्नांडिसना संगीतातलं काही कळत नाही.

११ फेब्रुवारी
सहादेव पुन्हा हजर. आईनं चप्पल सोडलीय. नवस फिटेपर्यंत अनवाणी. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते, तीही तशीच. सहादेव म्हणाला, तुजा आवाज जाईल म्हून तिला झोप न्हाई, लई घोर लावून घेतलाय.
घास उतरेना. माझ्यासारखा पापी नाही. ताबडतोब उपाय केला. कुलाब्याला जाऊन आईसाठी उंची सँडल घेतले, सहादेवाबरोबर पाठवले. मग पोटभर जेवलो.

२ मार्च
आईनं सँडल पेटीत ठेवलेत. शेजारणींना काढून दाखवते आणि अनवाणी कामाला जाते.
मी नालायक आहे. पण तसं कबूल तरी करतो. किती कलावंत करतात?
नवी योजना: डोकं भादरायचं आणि स्टेजवर विग घालायचा. दुकानात विग घालून नाचून पाहिलं. विग मालकाच्या चहात पडला. मग वाटलं, विगच नाथाला वाहिला तर? लगेच कान धरले.

२३ मार्च, रंगपंचमी, कलकत्ता
आज मढीची यात्रा, आणि मी इथं. कार्यक्रम आधीच ठरलेला, माझा काय दोष?
दुसऱ्याच गाण्याला गळा खरखरला. लोकांना ती स्टाईल वाटली, टाळ्या पडल्या. माझी मात्र पाचावर धारण बसली. विंगेत जाऊन नाथाची माफी मागितली. एप्रिलमध्ये नगरला कार्यक्रम आहे, तिथून मढी जवळ. आदल्या दिवशीच जाऊन येणार. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

७ एप्रिल, नगर
आदल्या दिवशी फोटोवाले आले. म्हणून उद्या पहाटेची मोटार सांगितली.
थिएटर गच्च होतं. नंतर सह्यांना ही रांग! मान खाली घालून नाव विचारायचं, सही ठोकायची. एका म्हाताऱ्यानं कागद पुढं केला. डोकं भादरलेलं, मिशीच्या जागी नुसते खुंट. आमच्याकडे घरात कुणी गेलं की माणूस असा दिसतो. वाटलं, सुतकातसुद्धा माणूस माझं गाणं ऐकायला आला! केवढा अभिमान वाटला. नाव विचारलं.
म्हणाले, कारभारी.
माझे वडील. मी त्यांना ओळखलं नव्हतं.
यात्रेत माझी वाट पाहून त्यांनीच डोकं दिलं. केस थोडेच उरलेत, नाथाला कमी पडायला नकोत म्हणून मिशीही दिली. गावात जो तो विचारतो, कोन गेलं? आई आता चप्पल घालते, झोपते. हे सगळं ते हळू आवाजात सांगत होते, रांगेतल्या लोकांनी ऐकू नये म्हणून.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, दादा, मी उद्या येणारच होतो. मोटार सांगितलीय, फर्नांडिसना विचारा.
त्यांनी माझ्या झुलपांवरून हात फिरवला. म्हणाले, व्हय बाबा, आला असतास. पन आता न्हाई आलास तरी चालंल.