दोन गल्ल्या आधी पोहोचणारा आवाज

५ जानेवारी, सोमवार.
सायकलला टू-स्ट्रोक इंजिन बसवले, चालले. संकल्प: पलीकडच्या गल्लीतल्या पुंडलिकच्या सायकललाही इंजिन बसवून द्यायचे आणि रविवारी दोघांनी लासूर स्टेशनपर्यंत जायचे. कोणते इंजिन, एवढेच ठरायचे आहे. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून टू-स्ट्रोक मुळापासून समजावले. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की एक स्फोट. म्हणून अंगाने हलके, ओढीला जोरदार. मात्र पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. पुंडलिकने डोळे मिटून ऐकले. एकाग्रता असावी तर अशी. शेवटी म्हणाला, "लई झालं सर आजच्यापुरतं." म्हणजे उद्या फोर-स्ट्रोक.

६ जानेवारी.
पुंडलिक घरी नाही. कडूबाई वहिनी दारातूनच म्हणाल्या, "ते सिल्लोडला गेलेत, पोरीकडं." त्याच्या चपला मात्र दारात. विसराळू माणूस. अनवाणीच गेला.

७ जानेवारी.
अजून सिल्लोडलाच. कार्ब्युरेटर वहिनींनाच सांगायला घेतला, पण त्यांनी कुकर लावलेला होता. घरी येऊन दोन कप चहा केला. पुंडलिक अचानक परतला तर असावा. दोन्ही मीच घेतले. तिसऱ्या दिवशीचा संकल्प: चहा कमी करणे.

९ जानेवारी.
निर्णय झाला: फोर-स्ट्रोक. पिस्टन दोनदा वर, दोनदा खाली, तेव्हा एक स्फोट. वजन जास्त, पण ऑइल वेगळे, धूर कमी, आवाज सौम्य. पुंडलिकची सारी नोकरी वाळूजच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या दणदणाटात झाली. त्याच्या कानांना आता शांतता हवी. जुन्या फवारणी पंपाचे इंजिन मिळाले. चाचणीसाठी आधी माझ्याच सायकलवर चढवले.

१० जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.
चाचणी पूर्णपणे यशस्वी. इंजिन इतके शांत की पुंडलिकच्या ओट्यापाशी पोहोचेपर्यंत कोणालाही कळले नाही. तो बनियनवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. समोर टरफलांचा ढीग. वहिनींना सांगत होता, "बस गं निवांत. सरांची फटफटी अजून वाजली नाय." वहिनी म्हणाल्या, "वाजली की तुम्ही पळा आत. सिल्लोडचं मी बघते."
मग त्यांनी मला पाहिले. पुंडलिक म्हणाला, "या सर, या. हा काय, आत्ताच उतरलो बघा एसटीतून." वहिनींनी चहा टाकला. मी बसलो. फोर-स्ट्रोकबद्दल त्याने काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. लासूरचा विषय निघाला नाही. शेंगा चांगल्या होत्या.

११ जानेवारी, रविवार.
तुलनेत एक मुद्दा राहून गेला होता. टू-स्ट्रोकचा आवाज दोन गल्ल्या आधी पोहोचतो. आजवर मी तो दोष मानत आलो. पण कोणाच्या दारी न कळवता जाऊन उभे राहणे बरे नव्हे. सकाळी फोर-स्ट्रोक उतरवला, टू-स्ट्रोक पुन्हा बसवला. पेट्रोलमध्ये ऑइल नीट मोजून घातले. संध्याकाळी सावकाश, गिअर नसलेल्या सायकलला जितके सावकाश जाता येते तितके सावकाश, पुंडलिककडे गेलो.
वहिनी म्हणाल्या, सिल्लोड.
दारात चपला नव्हत्या. या वेळी आठवणीने घालून गेला.