डाग गेले तरी

३ नोव्हेंबर, रविवार

मासा आला घरात! भाऊबीजेला मितेश बहिणीकडे बाळकुमला गेलेला, येताना माजिवड्याच्या दुकानातून काळा एंजल घेऊन आला. बहिणीला ओवाळणी घातली आणि मग स्वतःलाही घालून घेतली. नवरा माझा! आता टाकीत एक पांढरी एंजल, एक काळा, आणि चार मोली.

नियम त्याचाच — नवीन मासा आधी गॅलरीतल्या बादलीत, निदान तीन-चार आठवडे. बादली भरूनही ठेवली होती. पण सासूबाई आडव्या आल्या. "सणाचा घरात आलेला जीव बादलीत? पाहुण्याला कुणी मोरीत बसवतं का रे?" निरांजन आणलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला चक्क ओवाळलं! आईचं मन मोडवेना म्हणून मितेशने त्याला सरळ टाकीत सोडलं.

दिसायला ठणठणीत आहे मेला. रुबाबदारही.

६ नोव्हेंबर, बुधवार

डोकं फिरलंय माझं. चिवडा खाता खाता मितेश म्हणतो, "मी गोळ्या बंद केल्यात, सांगायचं राहिलं." सांगायचं राहिलं! दूध आणायचं राहिलं, तसं.

टीबीच्या गोळ्या आहेत त्या. ऑगस्टमध्ये सुरू झाल्या, सहा महिन्यांचा कोर्स, अजून निम्माही झाला नाही. दिवाळीच्या आधीच यांनी बंद केल्या. का, तर गोळी घेतली की मळमळतं, फराळ जात नाही. "खोकला गेला, ताप गेला, वजन वाढलं. आता कशाला पोटात विष? माझं शरीर मला कळतं, सोनल." पावसाळ्यात हा माणूस जिना चढताना मध्ये बसायचा, मी पाण्याची बाटली घेऊन खाली धावायचे. ते विसरला. मी नाही विसरले.

सासूबाई म्हणे, "बरा दिसतोय ना, मग झालं." त्यांना तसंही तो शब्द घरात नको असतो. नातेवाइकांना न्यूमोनिया सांगितलाय.

समजावलं, ओरडले, रडले. काही उपयोग नाही. पण मीही सोडणार नाही. काय करणार, ते अजून माहीत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

काळ्या पाहुण्याच्या पंखांवर रवा सांडल्यासारखे पांढरे दाणे. गोरीच्याही शेपटीवर. (पांढऱ्या एंजलला मी गोरी म्हणते.) मोली दगडांना अंग घासतायत.

मितेशचा चेहरा पडला. "व्हाइट स्पॉट. इक म्हणतात. त्या दुकानातूनच आलंय. बादलीत ठेवायला हवा होता!"

सासूबाईंचं निदान वेगळं — नजर! मीठ-मोहरी मुठीत घेऊन टाकीवरून उतरवली. उतरवलेलं विस्तवात टाकायचं असतं, पण घरात गॅस, म्हणून मूठ टाकीतच मोकळी केली. मितेश डोक्याला हात लावून म्हणाला, "आई, खडे मीठ या रोगाला चालतं गं. मोहरी कशाला?" तळातून एकेक मोहरी वेचत बसलेला. मला हसू आवरेना, रागावलेली असूनही.

१० नोव्हेंबर, रविवार

हुकूम निघाले. हिटर हळूहळू तीस डिग्रीपर्यंत वाढवायचा, एकदम नाही. गरम पाण्यात हवा कमी राहते, म्हणून जास्तीचा पंप. निळं औषध मोजून. फिल्टरमधला कोळसा काढायचा, नाहीतर तो औषधच शोषतो. एक दिवसाआड नळीने तळाची घाण ओढून पाणी बदलायचं. आणि हे सगळं कोण करणार? "तू घरीच असतेस ना."

घरीच असते! तुळशीच्या लग्नानंतर लग्नांचा हंगाम सुरू, शिवायला आलेल्या ब्लाउजांचे गठ्ठे छातीपर्यंत आलेत. साहेबांची मानपाड्याच्या कंपनीत बारा-बारा तासांची ड्यूटी चालू.

बरं. करते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

एक मोली गेली. पोट वर करून तरंगत होती. वाईट वाटलं, वाटेल असं वाटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बोटं निळी, नखं निळी. एका गिऱ्हाइकाच्या मोतिया अस्तराला डाग लागला, मुकाट्याने नवीन अस्तर घातलं.

पण आता मला या माशांचा नाद लागलाय. शिलाई मशीन सुरू झाली की गोरी काचेला येऊन चिकटते. मशीन थांबली की मागे जाते. तिच्या अंगावर दाणे अजून आहेत, पण खाते. खाणाऱ्या जिवाला मी मरू देत नसते.

दिवसभर कातरकाम. कापडाच्या धुळीने खोकून खोकून बरगड्या दुखल्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डाग गेले! एकही दाणा नाही. काळा तर आरशात बघून आल्यासारखा फिरतोय. इतका आनंद झाला की कंपनीत फोन लावला. म्हटलं, जिंकलो, आता औषध बंद करते.

तर हा फोनवरच ओरडला. "बंद करू नकोस! अगं डाग गेले म्हणजे रोग गेला नाही. तो किडा अंगावरून सुटून खाली दगडांत बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि परत माशांवर चढतात. दिसायला बरे झाले म्हणून लोक औषध सोडतात आणि अख्खी टाकी जाते. कोर्स पुरा करायचाच. समजलं?"

समजलं. फोन ठेवला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी, सगळे घरी. मतदान करून आलो, चहा झाला. मग मी त्याच्यासमोर हिटरचं बटण बंद केलं. औषधाची बाटली कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप.

"काय करतेस?"

"दिसायला बरे झालेत. आता कशाला पाण्यात विष?"

आधी हसला. मग कळलं त्याला. मग जे काही बोलला ते इथे लिहीत नाही. मी त्याची गोळ्यांची पाकिटं आणून टाकीच्या झाकणावर ठेवली. म्हटलं, "तुझं चालू तर त्यांचं चालू. तू बंद, ते बंद."

"माशांची आणि माणसांची तुलना करतेस?"

"नाही. माशांची काळजी तू जास्त करतोस, एवढंच म्हणतेय."

गॅलरीत जाऊन उभा राहिला. जेवलाही नाही नीट. सासूबाई माझ्याकडे बघत नाहीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

अबोला. डबा घेतला आणि गेला. गोळ्या तिथेच झाकणावर.

हिटर मात्र चालू आहे. खरं तर कालच, तो गॅलरीत असतानाच लावला होता. लाल दिवा दिसू नये म्हणून त्यावर अस्तराचा काळा तुकडा चिकटवलाय. औषधही घातलं. नवऱ्याला धमकी द्यायची म्हणून मुक्या जिवांना थोडीच मारायचं! पण हे त्याला कळता कामा नये. कळलं तर माझ्या हातात काय उरलं?

आज एक नवल झालं. सासूबाई संध्याकाळी टाकीपुढे स्टूल ओढून बसल्या. बराच वेळ बघत होत्या. मितेश आल्यावर म्हणाल्या, "घे रे बाबा ती टीबीची गोळी." टीबीची! त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. तो टाकीपाशी उभा राहिला, तापलेल्या कपाळाला लावावा तसा काचेला हात लावला, आणि झोपायला गेला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्धी रजा टाकून पालिकेच्या दवाखान्यात गेला! मला बरोबर नेलं. सिस्टरने आमचा दोघांचा उद्धार केला. "मनाने बंद करायचं आणि मनाने चालू करायचं, असं नसतं दादा." परत थुंकी तपासायला घेतली, छातीचा फोटो काढला.

रिक्षात मी म्हटलं, तुला एक सांगायचंय, हिटर —

"पाणी गरम होतं, सोनल. काच गरम होती. मला कळलेलं."

"मग आलास कशाला?"

"तू लपवून लपवून माशांना वाचवत होतीस आणि मी..." मला रडू आलं, रिक्षावाला आरशातून बघत होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नशीब! थुंकी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात, कोर्स पुढे चालू. सकाळी टाकीचा दिवा लागला की गोरीला खाणं आणि मितेशला गोळ्या. मळमळीसाठी डॉक्टरांनी वेगळी गोळी दिलीय. हे आधी विचारलं असतं तर? पण पुरुष डॉक्टरांना विचारत नाहीत, आणि बायकांचं ऐकत नाहीत.

सिस्टरने जाता जाता मला धरलं. "ताई, तुमच्या सासूबाईंची तपासणी झालीये. तुमची कुठेय?" म्हटलं, लग्नाचे ब्लाउज उरकले की येते. मला काय धाड भरलीये!

१ डिसेंबर, रविवार

माशांचा कोर्स संपला. मितेशने स्वतः पाणी बदललं, कोळसा परत घातला. दाणा नाही, घासणं नाही. गेलेल्या मोलीच्या जागी नवीन मोली आणली, ती मात्र थेट गॅलरीतल्या बादलीत. सासूबाईंनी ओवाळलं, पण बादलीतच ओवाळलं!

८ डिसेंबर, रविवार

ब्लाउजांचा शेवटचा गठ्ठा गेला. तरी खोकला आहेच. मितेश आज जेवताना बघत होता माझ्याकडे. "वजन उतरलंय तुझं."

म्हटलं, हंगामात उतरतंच. धुळीचा खोकला आहे. ठणठणीत आहे मी.

त्याने गॅलरीकडे बोट केलं. "ती मोलीपण ठणठणीत दिसते. तरी बादलीत का ठेवलीय आपण?"

उद्या जाऊन येते एकदाची.

१२ डिसेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला. मला आहे.

मितेशने टाकीच्या झाकणावर त्याच्या पाकिटांशेजारी माझी पाकिटं ठेवली. म्हणाला, "डाग गेले तरी बंद नाही. आणि अस्तर चिकटवून फसवायचं नाही." मी पहिली गोळी घेतली. गोरी काचेपाशी आली होती.