हुलिगुड्ड्याची मोहीम, नेतृत्व माझं

शुक्रवार, १० जानेवारी २०२५
ठरलं. वेदिका सहा फेब्रुवारीला नोकरीसाठी कोलकात्याला चालली. त्याआधी एक तरी शिखर बाबांबरोबर, असं ती स्वतः म्हणाली. शिखर मी निवडलं: कर्नाटकातल्या डोंगराळ मलनाडातला हुलिगुड्डा. पायथ्याच्या जंगलात इंग्रजांच्या काळातल्या लाकडी केबिन्स आहेत. शनिवारी तिथे मुक्काम, रविवारी माथा. ट्रेकिंग मी कुणाकडे शिकलो नाही. सगळं यूट्यूबवर, शिवाय मुळात पुणेकर. अंजली म्हणाली, पुण्यात तू पर्वतीच्या पुढे गेला नाहीस. बायकोला चढ आणि चढ यातला फरक कळत नाही.

रविवार, १२ जानेवारी
काल व्हाइटफील्डहून निघायला संध्याकाळ झाली. वजनाचा समतोल साधेना म्हणून डिकी पुन्हा पुन्हा भरली. मारतहळ्ळीलाच ट्रॅफिकनं गिळलं. वाटेत हासनला मुक्काम. आज केबिनवर पोचलो, तर माथ्याची वाट रोज दुपारी बारालाच बंद होते म्हणे! गाइड हयवदन. घरात जुनी मराठी बोलतो. म्हणाला, अण्णा, स्वल्प लवकर यायचं की. दोष पूर्णपणे बेंगळुरूच्या रस्त्यांचा.

रविवार, १९ जानेवारी
वेळेवर. हयवदनची वाट लांबची. मी उपग्रह नकाशावरून सरळ वाट आखली होती. तो म्हणाला, अण्णा, ती म्हशींची वाट. वेदिका माझ्या बाजूनं उभी राहिली. (शेवटी पोरगी कुणाची!) दोन तास काटेरी रान तुडवून बाहेर आलो, तर समोर लाकडी केबिन. मी म्हटलं, वा, वरही हुबेहूब तशीच बांधलीय. वेदिका म्हणाली, बाबा, दोरीवर माझा टॉवेल वाळतोय.
नकाशे सदोष आहेत. कंपनीला ईमेल करणार.

शनिवार, २५ जानेवारी
हा वीकेंड वेदिकेनं मैत्रिणींना दिला. ठीक. सराव: रोज चौदा मजले जिना. सातव्यावर लिफ्ट उघडी होती. रिकामी वर जाऊ देणं म्हणजे विजेचा अपव्यय.

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळी ७
शेवटची संधी. कालच केबिनवर पोचलो. स्वतः बनवलेलं एनर्जी ड्रिंक तयार: आंबील, कोकम, एरंडेल दोन थेंब, ब्लॅक कॉफी. दोघींनी वास घेऊन चहा मागवला. तिघांचा वाटा मीच संपवला.

सकाळी ९
फॉर्म्युला बरोबर आहे. इथलं पाणी बाधलं. वेदिका बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाली, बाबा, आपण थांबू या. हयवदन म्हणाला, बाराला बंद, अक्का. मी आतून सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, गाठतोच. अंजली साध्या सँडलवर निघाली. माझे बूट इंपोर्टेड.

दुपारी १२.३०
वेदिकेचा फोन. माथ्यावर रेंज आहे म्हणे. धापा टाकत म्हणाली, बाबा, काय दिसतंय इथून! तुम्ही हवे होतात. मी उंची विचारली. मग तिनं फोनवर बघून उंची सांगितली आणि रेंज गेली.

दुपारी १
उंची मी घरी नकाशावरून काढलेल्या आकड्याशी मीटरला मीटर जुळली. सांगायला शेजारच्या केबिन्सकडे गेलो. सगळ्यांना कुलपं. लोक वर गेलेत.