मायचा व्यायाम

आबा, तुम्हाला चढ कधीच आवडला नाही. पुलावर सायकल हातात धरून चालत जायचात आणि वर म्हणायचात, सपाट जमिनीवर पोट भरतंय ना, मग उंच जाऊन काय करायचं. म्हणून आधीच सांगून टाकते, मी हल्ली डोंगर चढते. वर कुणी राहत नाही, वर काही काम नाही. साखर वाढली आहे म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलं, आणि आमच्या सोसायटीतल्या लोकांना चालायला सुरतेत जागा पुरत नाही म्हणून रविवारी पहाटे चार गाड्या भरून आम्ही डांगच्या वाटेला लागतो. दोन तास बसून जायचं, पायऱ्या चढायच्या आणि दोन तास बसून परत यायचं. याला फिटनेस म्हणतात. लिफ्ट बंद पडली तर हीच माणसं तिसऱ्या मजल्यावर जायचं म्हणून वॉचमनच्या नावाने शिमगा करतात.

तुम्ही असता तर पायथ्याशी एक खाट टाकून नुसतं बघत बसला असता. सागाचं आणि बांबूचं दाट रान आहे, मधून दगडी पायऱ्या सरळ आभाळात गेल्यासारख्या वर जातात, आणि त्यांच्यावर ही आमची वरात. प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. एक बाई गाडीजवळच जागच्या जागी नाचत असते, कारण चढून आल्यावर आकडा थोडा कमी पडतो. एक टोपीवाले भाई ग्रुपचे पुढारी आहेत, ते सगळ्यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात आणि स्वतः प्रत्येक वळणावर फोटोच्या निमित्ताने थांबतात. कुणाच्या तरी कमरेला स्पीकर बांधलेला असतो, त्यामुळे रानात पाखरू आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही. उतरलं की सगळे महामार्गावर बटर लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा लोण्यात माखलेला लगदा, खायला थांबतात. दोन प्लेट. आज चढलो ना, म्हणतात. मीही खाते. नाक मुरडत खाते एवढाच फरक.

पण हे तुम्हाला सांगायचं कारण वेगळं आहे. हा तोच डोंगर आहे. आपण सुरतेतच नवागामला राहत होतो तेव्हा चैत्रात आपल्या गल्लीतून ज्याच्यासाठी बस निघायची, तो. वर देवी आहे. खानदेशातल्या बाया खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढायच्या आणि आल्यावर महिनाभर कंबर धरून फिरायच्या. आमच्या ग्रुपला त्या कुंकवाचा फार राग आहे, बूट घसरतात म्हणून.

बस आठवते ना? मला सगळं आठवतं. मी चौथीत होते. मायने आदल्या दिवशी दुधातल्या दशम्या केल्या होत्या, ठेचा केला होता, आणि शेजारच्या काकूंच्या शेजारी खिडकीजवळची जागा धरली होती. तिला देवीशी काही देणंघेणं नव्हतं. आपण धम्म घेतलेली माणसं, तिला ते तुमच्याइतकंच ठाऊक होतं. पण गल्लीतली प्रत्येक बाई वर जाऊन आलेली, आणि नळावर पाणी भरताना दुसरा विषय नसायचा. वर हवा कशी येते, वरून खालचं कसं दिसतं. माय लग्न होऊन भुसावळकडून सुरतेला आली ती थेट आपल्या खोलीत आली, तिने त्या खोलीपलीकडे काय पाहिलं होतं? तुम्ही रात्रपाळी करून आलात, बसमध्ये चढलात आणि तिच्या मांडीवरची पिशवी उचललीत. "उतर खाली! ज्या पायरीले माह्या मायचा पाय लागू दिला नाही, तिची पूजा कराले बस करून चालली?" लूमच्या कारखान्यात राहून राहून तुम्ही हळू बोलायचं विसरला होतात. गल्लीने ऐकलं, पलीकडच्या गल्लीनेही ऐकलं. माय उतरली. बस गेली. घरी येऊन तिने तुमच्यापुढे त्याच दशम्या वाढल्या, तोंडातून एक शब्द काढला नाही. तुम्ही जेवलात आणि म्हणालात, दशम्या चांगल्या झाल्या. आबा, या वाक्यासाठी मी तुम्हाला आजवर माफ केलेलं नाही.

पायरीची गोष्ट तुम्ही मला नंतर सांगितलीत, तीही कारखान्यात. मी डबा घेऊन आले होते, संचे धडधडत होते, सुताचे बारीक तंतू तुमच्या भुवयांवर बसले होते. मी विचारलं, देवीला गेलं तर काय होतं? तुम्ही घास हातात धरून कानात ओरडून सांगितलंत. गावच्या देवळात आजी नारळ घेऊन जायची ती पहिल्या पायरीच्या खाली उभी राहायची. वरून नारळ मागायचे, फोडायचे, आणि खोबऱ्याचा तुकडा वरूनच टाकायचे. तो मातीत पडायचा. आजी पदराने पुसून तुम्हाला द्यायची. तुम्ही तो खाल्लात, हे तुम्हाला आयुष्यभर बोचलं. एवढं सांगून तुम्ही उरलेला डबा झाकलात आणि मला म्हणालात, जा घरी. माणसाच्या अंगावर वरून टाकलेल्या खोबऱ्याचा वळ कसा राहतो, ते मी तुमच्याकडे बघून शिकले. तुमचा राग खरा होता. पण ज्यांनी ते खोबरं टाकलं त्यांच्यापैकी एकालाही तुम्ही कधी बसमधून उतरवलं नाहीत. उतरवलंत ते मायला.

मी ग्रुपबरोबर जाऊ लागले तेव्हा तुमचं ऐकायचं म्हणून असो की सवय म्हणून, देवळाच्या अलीकडे जिथे बूट काढतात त्या ओट्यावर थांबायचे. पहिल्याच वेळी टोपीवाल्या भाईंच्या बायकोने विचारलं, "केम बेन, दर्शन नथी करवा?" मी नुसती हसले. मग तिनेच आवाज खाली आणून विचारलं, "प्रॉब्लेम छे?" आता माझी पन्नाशी उलटली आहे, त्या प्रॉब्लेमने मला कधीच राम राम केला आहे. पण मी मान हलवली. तेव्हापासून दर रविवारी मला प्रॉब्लेम असतो आणि दर रविवारी मी ग्रुपचे बूट सांभाळते. महागडे बूट असतात, वास मात्र सारखाच येतो. पुढे कधीतरी कुणीतरी माझं आडनाव विचारलं. सांगितल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि प्रॉब्लेम विचारायचं बंद झालं. हीही तुमची पायरीच, आबा, फक्त आता तिच्यावर खोबरं टाकत नाहीत, लोचो खायला घालतात.

माय माझ्याकडेच असते, तुम्ही गेल्यापासून. गुडघे गेले आहेत, डॉक्टर म्हणतात आता बदलायलाच हवेत, आणि त्यानंतर डोंगर वगैरे विसरा. ती दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या माणसांना नावं ठेवते. एका शनिवारी मी बूट पुसत होते तर म्हणाली, "कोन्त्या डोंगरावर जाता वं तुम्ही?" मी सांगितलं. तिने एक बूट उचलून त्याचा तळवा पाहिला. मग म्हणाली, "मी बी येते."

"माय, गुडघे बघ तुझे."

"पाह्यले. माह्येच हायेत."

"आणि आबा काय म्हणायचे?"

यावर ती जे बोलली ते तुम्ही कान देऊन ऐका. म्हणाली, "देवाले जाऊ नको म्हने तुहा बाप. व्यायाम करू नको, असं त्यानं कधी म्हटलं?"

इतकी वर्षं ती ही फट शोधत बसली होती, आबा. तुमच्या मनाईला कुठे शिवण उसवलेली आहे ते तिने बरोबर हेरलं. मला हसू आलं, आणि मला नाही म्हणता येईना. ऑपरेशन आधी की डोंगर आधी, हे आता माझ्या हातात होतं, आणि तुमच्या जागी मी बसले होते. मी पिशवी उचलली असती तर ती या वेळीही काही न बोलता उतरली असती. गाडीत तिला पुढे बसवलं.

चढणीचं काय सांगू. माय दोन पायऱ्या चढायची आणि कठड्याला धरून उभी राहायची. सगळा ग्रुप आमच्या पुढे निघून गेला, स्पीकरही गेला, आणि मला पहिल्यांदाच त्या रानात पाखरं ऐकू आली. सागाची मोठाली वाळकी पानं पायरीवर पडली होती, माय ती काठीने बाजूला सारायची, स्वतःच्या अंगणातली असल्यासारखी. वरून उतरणाऱ्या एका दुसऱ्या ग्रुपने तिला पाहिलं आणि झालं, त्यांना देव सापडला. "वाह माजी वाह!" करत टाळ्या वाजवायला लागले, पाच-सहा फोन वर झाले. एक पोरगी, तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही, पुढे येऊन म्हणाली, "माजी, जुवानियाओने कंईक संदेश आपो ने." तरुणांना काहीतरी संदेश द्या म्हणे! मायने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपल्या सुरती हिंदीत म्हणाली, "बाजू खसो ने बेन, रस्ता दो." तोच संदेश. त्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. या माणसांना शिवी दिली तरी प्रेरणा मिळते.

मध्ये एकदा ती खाली बसली. श्वास लागला होता, ओठ पांढरे पडले होते. मी म्हणाले, माय, झालं एवढं पुरे, उतरू. ती म्हणाली, "त्या दिवशी बी उतरली मी." एवढंच. मी तिच्या पाठीला हात लावून बसून राहिले. थोड्या वेळाने ती काठी टेकून उठली. आबा, मी तुम्हाला शिव्या देत होते, मनातल्या मनात, आणि तुम्ही दिल्या असत्या तशाच मोठ्या आवाजात.

आमचा ग्रुप दर्शन करून खाली निघाला तेव्हा आम्ही ओट्यावर पोहोचलो. टोपीवाले भाई म्हणाले, आता कशाला थांबता, उशीर होतो. मी त्यांना म्हणाले, तुम्ही लोचो खा, आम्ही रिक्षा, ट्रक, काहीही करून येऊ. मायने चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तू थांब इथीच," म्हणाली, आणि पदर खोचून उरलेल्या पायऱ्या चढायला लागली. मी पाठ फिरवली. समोर सगळं रान उतरत गेलेलं होतं, पार खाली गाड्या दिसत होत्या. तिने आत हात जोडले की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तरी सांगता येऊ नये म्हणूनच पाहिलं नाही.

ती लवकरच बाहेर येऊन ओट्यापर्यंत उतरली. कठड्याजवळ उभी राहून तिने खाली पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "एवढंच?"

मी विचारलं, काय झालं.

"आत फरशी बसवली, पंखे लावले. हवा हवा म्हनत होत्या नळावरच्या रांडा, पंख्याची हवा ते. आन वरून काय दिसते? झाडं." ती ओट्यावर बसली, पाय चोळायला लागली. "तुह्या बापाचं बरोबर होतं. काई नाही इथी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन मले पाहू द्याचं होतं त्यानं."

उतरायला संध्याकाळ झाली. ती घरी येऊन झोपली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला म्हणाली, कापा आता गुडघे, काम झालं त्यांचं.

हे पत्र मी कुठे टाकणार? मायला दाखवायचं तर ती म्हणेल, मेलेल्या मानसापाशी काय चुगल्या करते. तिचं खरं आहे. पण तुमच्याजवळ एक गोष्ट बोलायची राहिली आहे, ती तिला सांगता येत नाही. त्या ओट्यावर मी इतके रविवार उभी राहिले, ते तत्त्व म्हणून असं मला वाटायचं, लोकांना नाही तरी स्वतःला मी तसंच सांगायचे. त्या दिवशी माय एकटी वर जाताना कळलं, की आपल्या घरात तुमच्याशी तत्त्वाने वागणारं कुणी असेल तर तीच होती; तुमचा शब्द तिने पाळलाही आणि स्वतःच्या डोळ्यांनी तपासूनही पाहिला. मी तुम्हाला भीत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, आणि अजून भिते.